सगळे म्हणाले, दुकान छान आहे

“छान आहे. खूपच छान आहे.”

दुकानातून बाहेर आलेल्या बाईंनी एवढं बोलून गाडीच्या चावीसाठी पर्समध्ये हात घातला. मी टॅबवर ‘अतिशय समाधानी’ या चौकटीत टिक केली. पुन्हा याल का, असं विचारलं. नक्की येऊ, त्या म्हणाल्या. तिथंही टिक केली. त्यांच्या हातात आवळा सरबताची एक बाटली होती. आत त्या बराच वेळ होत्या, फोटोही काढत होत्या. घेतलं मात्र एवढंच.

मी मार्केट रिसर्चमध्ये काम करते. एखाद्या दुकानाला किंवा कंपनीला आपल्याबद्दल लोकांना काय वाटतं ते समजून घ्यायचं असलं की ते आमच्या एजन्सीला काम देतात. मग मी जाऊन लोकांना विचारते. गिऱ्हाईक बाहेर पडताना दारातच गाठून विचारलं की त्याला एक्झिट इंटरव्ह्यू म्हणतात. ऐकायला सोपं आहे. उन्हात उभं राहायचं, घाईतल्या माणसाला थांबवायचं, आणि त्याला राग येऊ द्यायचा नाही. मी संभाजीनगरच्या छावणी भागात वाढले. तिथल्या बाजारात अनोळखी माणसाशी बोलायची सवय लहानपणीच लागते. ती या कामात उपयोगी पडली.

दुकान ऑरगॅनिक मालाचं होतं, ज्योतीनगरच्या बाजूला नवीनच उघडलेलं. नाव सांगत नाही, आमच्या धंद्यात ते सांगत नाहीत. भाजी, फळं, डाळी, घाण्याचं तेल, गूळ, पिठं. संभाजीनगरमध्ये अशी दुकानं आधीही होती, पण छोटी. हे मोठं, काचेचं, एसीचं. भिंती, फरशी, रॅक सगळं पांढरं. काम करणाऱ्या मुलींना पांढरे कोट आणि डोक्यावर जाळीच्या टोप्या. बोर्डावर चार हिरवी पानं चार दिशांना, मधे जोडलेली. पुण्याच्या डिझायनरनं सगळं केलं होतं आणि फोटोत ते फार सुंदर दिसायचं.

मालकीण रोहिणी. माहेर सोयगाव तालुक्यातलं, शेती भरपूर. पुण्यातली आयटीची नोकरी सोडून ती इकडं आली होती. तिचा मोठा भाऊ गावाकडं शेती बघतो. त्यानं आणि शेजारपाजारच्या काही शेतकऱ्यांनी रासायनिक खत आणि फवारणी सोडली होती. ऑरगॅनिकचं सर्टिफिकेट एका हंगामात मिळत नाही. जमीन काही वर्षं तशीच सांभाळावी लागते, उत्पन्न घटतं, गावातले लोक हसतात. हे सगळं त्या लोकांनी रोहिणीच्या शब्दावर केलं होतं. दौलताबादकडचे पेरूवाले नंतर त्यात आले.

उद्घाटनाला गर्दी झाली. नंतरही लोक येतच होते. दारातून आत येणाऱ्या माणसांना आम्ही फुटफॉल म्हणतो. तो चांगला होता. पण रिपीट नव्हता, म्हणजे एकदा आलेला माणूस पुन्हा येत नव्हता. लोक प्रदर्शनात हिंडावं तसे हिंडायचे, एखादी वस्तू घ्यायचे आणि जायचे. संध्याकाळी पालेभाजीच्या जुड्या गोशाळेत पाठवाव्या लागत.

रोहिणीचा एक पार्टनर होता, निखिल. तो पुण्यात असायचा. त्याचं मत ठरलेलं होतं, रेट जास्त आहेत. त्याचा उपायही ठरलेला होता. भाजी आणि फळं मार्केट यार्डातून साधी घ्यायची, त्याच रॅकवर ‘ताजी’ म्हणून ठेवायची. शेतकऱ्यांकडून फक्त डाळी घ्यायच्या. खोटं काही लिहायचं नाही, फक्त ऑरगॅनिक हा शब्द जरा बारीक करायचा. रोहिणीला ते पटत नव्हतं. शेवटी दोघांचं ठरलं की सर्व्हे करू. लोकांनी रेट म्हटलं तर निखिलचं ऐकायचं.

हे रोहिणीनं मला पहिल्याच भेटीत सांगितलं. भावाला यातलं काही माहीत नाही, हेही सांगितलं. मग तिला वाटलं असावं की आपण बाहेरच्या बाईला फार सांगितलं. तिनं विषय बदलून मला ज्वारीची बिस्किटं खायला दिली.

तर मी दारात उभी होते. दुकान कसं वाटलं? छान. स्वच्छता? उत्तम. स्टाफ? फारच नम्र. मग जास्त खरेदी का केली नाही? इथं लोक जरा थांबायचे आणि म्हणायचे, रेट थोडे जास्त वाटतात.

आमच्या एजन्सीचे मालक देशमुख सर. माणूस सरळ आहे, पण त्यांना काम हातावेगळं झालेलं आवडतं. त्यांनी फोनवर आकडे बघितले आणि म्हणाले की चित्र स्पष्ट आहे, रिपोर्ट लिहायला घ्या. मी म्हटलं, सर, थोडं थांबू या. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नाही.

मला खटकत होतं ते असं. रेट जास्त म्हणणारे काही जण रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात जायचे आणि तिथून परदेशी किवी घेऊन यायचे. ती काही स्वस्त नसते. आपल्याकडं माणूस तोंडावर वाईट बोलत नाही, मुलाहिजा ठेवतो. आमच्या ट्रेनिंगमध्ये त्याला कर्टसी बायस म्हणतात. समोरच्याला बरं वाटावं म्हणून दिलेलं उत्तर. आणि त्यातही रेट हे फार सोयीचं उत्तर आहे. त्यात कुणाचा अपमान होत नाही आणि पुढं कुणी काही विचारत नाही.

त्याच सुमारास मला एक काका दिसले. सत्तरीच्या आसपासचे, इस्त्रीचा शर्ट, स्कूटर. दिसले म्हणजे आधीही दिसले होते, कारण पुन्हा पुन्हा येणाऱ्या थोड्या लोकांपैकी ते एक. दुकानाची कागदी पिशवी फार देखणी होती, जाड, पांढरी, वर ती पानं. लोक ती घरी जपून ठेवतील असं रोहिणीला वाटायचं. हे काका ती पिशवी घेऊन बाहेर आले, कडुनिंबाच्या आडोशाला गेले, डिकीतून साडीच्या दुकानाची जुनी कापडी पिशवी काढली आणि सगळा माल तिच्यात भरला. कागदी पिशवीची घडी करून कचरापेटीत टाकली आणि निघून गेले.

पुढच्या वेळीही त्यांनी तेच केलं. मी जवळ गेले तेव्हा ते जरा चपापले. मग त्यांनी माझ्या गळ्यातलं आयकार्ड वाचलं.

“साळवे. कुठल्या साळवे?”

“छावणीतल्या.”

“मग जय भीम,” ते म्हणाले.

“जय भीम, काका.”

त्यांचं नाव खरात. इथं नाव बदललंय. वीज खात्यातून रिटायर झालेले. मी सर्व्हेचं सांगितलं. दुकान चांगलं हाय, एवढं तुमच्या मशीनमध्ये लिवा, बाकीचं लिवू नका, असं ते म्हणाले. मी टॅब बंद करून पिशवीत ठेवला. आम्ही कडुनिंबाच्या पारावर बसलो.

त्यांच्या मिसेसचं उन्हाळ्यात मोठं ऑपरेशन झालं होतं आणि अजून ट्रीटमेंट चालू होती. खाण्यापिण्याचं जपा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून ते इथून भाजी न्यायला लागले. पहिल्या दिवशी ही पिशवी हातात घेऊन ते गल्लीतून गेले. शेजाऱ्यानं फाटकातूनच विचारलं, वहिनींना बरं नाय का? संध्याकाळी दोघी-तिघी शहाळी घेऊन भेटायला आल्या. तोवर या दोघांनी कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

“ती मला म्हणाली, लोक बघायला आले की मी हाय त्याहून जास्त आजारी वाटते मला. तवापासून मी पिशवी बदलतो.”

मी विचारलं, पिशवीवरून शेजाऱ्याला कसं कळलं?

त्यांना माझ्याच प्रश्नाचं नवल वाटलं. “अहो, हितं दुसरं कोण येतं? शुगरवालं, ऑपरेशनवालं, नायतर बाळंतीण. धडधाकट माणूस कशाला यील?”

“आणि काकू बऱ्या झाल्यावर?”

“मग कशाला यायचं? कोर्स संपला की गोळ्या बंदच करतो ना आपण.”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. दुकानाबद्दल ते चांगलंच बोलत होते. ते गेल्यावर मी वळून दुकानाकडं बघितलं. पांढऱ्या भिंती. पांढरे कोट, जाळीच्या टोप्या. सकाळी फरशी पुसतात त्या लिक्विडचा वास दारापर्यंत येत होता. आणि वर बोर्डावर ती चार पानं. रस्त्याच्या पलीकडून बघितलं तर ती पानं दिसतच नव्हती. औषधांच्या दुकानावर असतो तसा हिरवा प्लस दिसत होता.

पण एका माणसाच्या बोलण्यावर रिपोर्ट होत नाही. म्हणून मी प्रश्न बदलला. आमच्याकडं एक जुनी पद्धत आहे. माणसाला त्याच्याबद्दल विचारायचं नाही, दुसऱ्याबद्दल विचारायचं. दुसऱ्याबद्दल बोलताना मुलाहिजा लागत नाही. मी विचारायला लागले, तुमच्या ओळखीत इथून सामान कोण नेतं?

उत्तरं लगेच बदलली. आमच्या जाऊबाई नेतात, त्यांना थायरॉइड आहे. आमचे साहेब, त्यांना स्टेंट टाकलाय. समोरच्यांची सून, तिला सातवा महिना आहे. एकजण म्हणाले की आम्ही पेशंटला बघायला जाताना इथून फळं नेतो, लोकांना बरं वाटतं. निरोगी माणसाचं नाव कुणीच घेईना.

नसीम आपा म्हणून एक बाई होत्या, शाळेतून हेडमिस्ट्रेस म्हणून रिटायर झालेल्या. त्यांनी डाळिंबाच्या रसाच्या बाटल्या घेतल्या होत्या. कुणासाठी, विचारलं. नणंदेसाठी, तिची बायपास झाली होती. आणि तुमच्यासाठी? त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

“बेटा, दुकान एकदम बढिया है. मगर अल्ला करे, मेरे कू यहाँ आने की नौबत ना आए.”

त्या हसल्या, मीही हसले. रिक्षात बसताना त्यांनी हातही हलवला. मला मात्र त्या एका वाक्यात रोहिणीच्या दुकानाचं सगळं दुखणं सापडलं होतं.

देशमुख सरांना हे सांगितलं तर ते गंभीर झाले. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. सर्व्हे चालू असताना मधेच प्रश्न बदलला की आधीचे आणि नंतरचे आकडे एकत्र करता येत नाहीत. क्लायंटनं रेटबद्दल विचारलंय, आणि आपण त्याला सांगणार की तुमचं दुकान दवाखान्यासारखं दिसतं? मी म्हटलं, आकडे वेगळेच ठेवू. दोन्ही दाखवू. ते बराच वेळ पेन टेबलावर आपटत बसले. मग म्हणाले, बघा, तुम्हीच बोलायचं.

मीटिंग दुकानाच्या मागच्या खोलीत झाली. रोहिणी, देशमुख सर आणि मी. निखिल लॅपटॉपच्या स्क्रीनवर. पहिल्या भागात मी रेटचे आकडे दाखवले. बहुतेकांनी रेट जास्त आहेत असंच म्हटलं होतं. निखिल म्हणाला, मग झालं तर, पुढचं बघायची गरज नाही. रोहिणी टेबलाकडं बघत होती. मी म्हटलं, दुसरा भाग ऐकून घ्या.

मी खरात काकांचं सांगितलं, नाव, गल्ली, आजार काही न सांगता. नणंद, जाऊ, साहेब सगळं सांगितलं. नसीम आपांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. निखिलला ते पटलं नाही. ही माणसं कोण, त्यांचे नंबर द्या, मी एकाशी तरी बोलतो, असं त्यानं सांगितलं.

“नंबर देणार नाही,” मी म्हणाले. “ते माझ्याशी बोलले, सर्व्हेशी नाही.”

त्यानं सरळ देशमुख सरांना विचारलं की एजन्सी म्हणून तुम्ही या गोष्टीच्या मागं उभे आहात का. क्लायंट गेला तर तो सरांचा जाणार होता.

सर म्हणाले, “साळवे मॅडम दारात उभ्या होत्या. मी नव्हतो. तुम्हीही नव्हता.”

बरं वाटलं, हे मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही.

रोहिणी मग पहिल्यांदा बोलली. “म्हणजे लोक मालाला नावं ठेवत नाहीत?”

“नाही. मालावर विश्वास आहे. इतका की औषधासारखा नेतात.”

तिनं पाणी प्यायलं. पांढरा रंग मीच निवडला होता, असं हळूच म्हणाली, स्वच्छ दिसावं म्हणून. मग तिनं निखिलकडं मुदत मागितली. मार्केट यार्डाचं संक्रांतीपर्यंत थांबव. तोवर फरक पडला नाही तर तुझं ऐकेन. तो तयार झाला. उत्साहानं नाही, पण झाला.

रंग लगेच बदलणं शक्य नव्हतं. सोपं होतं तेवढं तिनं आधी केलं. कोट आणि टोप्या गेल्या, मुली आपापल्या रंगीत कुर्त्यांत आल्या. प्लॅस्टिकच्या डब्यांतली भाजी टोपल्यांत आली आणि टोपल्या दाराशी आल्या. फरशीचं लिक्विड बदललं. पिशव्या साध्या कापडाच्या केल्या, वर काही न छापता. बोर्ड उतरवून रंगवायला दिला. आणि तिनं भावाला फोन करून हुरडा मागवला. तो म्हणाला की हुरडा शेतात बसून खायचा असतो, दुकानात कसला हुरडा? ती म्हणाली, तू पाठव तर.

कल्पना तिचीच होती आणि मला ती फार पटली. हुरडा कुणी डॉक्टरच्या सांगण्यावरून खात नाही.

हुरडा आला त्या शनिवारी मी टॅब न घेता गेले. ते माझं काम नव्हतं, पण घरी बसवेना. दुकानाबाहेर गोवऱ्यांची आगटी पेटवली होती. रोहिणीच्या गावचा एक माणूस कणसं भाजून हातावर चोळून देत होता. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. सुरुवातीला कुणी थांबेना. लोक धूर बघून वळून बघायचे आणि पुढं जायचे. रोहिणी उगाच टोपल्या इकडच्या तिकडं करत होती. मग फिरायला निघालेलं एक जोडपं थांबलं. त्यांच्या मागं शाळकरी मुलांना घेऊन एक कुटुंब थांबलं. अंधार पडेपर्यंत तिथं उभं राहायला जागा उरली नाही.

लोक मोठ्यानं बोलत होते. त्या दुकानात इतके दिवस सगळे हळू बोलायचे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. काळ्या झालेल्या हातांनीच आत गेले, चटणी कुठं आहे विचारलं, गुळाचा खडा तोंडात टाकून बघितला. एक बाई मेथीच्या जुडीवरून नवऱ्याशी वाद घालत होत्या. आणि एका गृहस्थांनी रोहिणीलाच पकडून सांगितलं की हे पेरू कच्चे आहेत, दौलताबादचे म्हणता आणि असले देता होय? रोहिणीनं माफी मागितली, पेरू बदलून दिले आणि माझ्याकडं आली. तिचे डोळे भरले होते. धुरानं असेल.

“पहिल्यांदा कुणीतरी भांडलं माझ्याशी,” ती म्हणाली.

ती खुश होती आणि मला त्याचं कारण कळत होतं. दुसऱ्याच्या घरी आपण जेवणाला नावं ठेवत नाही. आपल्या घरी ठेवतो.

संक्रांतीनंतर आम्ही पुन्हा सर्व्हे केला. रिपीट वाढला होता. एकदम नाही, पण दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी येणारी घरं दिसायला लागली होती. ‘अतिशय समाधानी’ मात्र कमी झाले. पालक लवकर संपतो, पार्किंगची अडचण आहे, काउंटरवरची मुलगी फार बोलते, अशा तक्रारी आल्या. रेटची तक्रारही होतीच, आणि ती आता खरी होती. रोहिणीनं काही वस्तूंचे रेट थोडे खाली आणले, काहींचे नाही आणले. महागडी बिस्किटं चालली नाहीत, ती बंद केली. मार्केट यार्डाचा हट्ट निखिलनं दोन ओळींच्या ईमेलमध्ये सोडला. भावाला यातलं काही कधी कळलं की नाही, मी विचारलं नाही. त्याचा माल मात्र चालू राहिला.

खरात काकांची भेट मार्चमध्ये झाली. मी माझ्याच घरची भाजी घ्यायला गेले होते. ते दोडके निवडत होते आणि शेजारी काकू त्यांनी निवडलेले दोडके परत ठेवत होत्या. डोक्याला स्कार्फ, कडेनं बारीक केस आलेले, आवाज चांगला खणखणीत. काकांनी माझी ओळख करून दिली, या आपल्या छावणीच्या साळवे. काकू म्हणाल्या की यांना एवढ्या वर्षांत दोडका ओळखता येत नाही. मी तब्येतीचं काही विचारलं नाही. निघताना काका मागं वळले आणि हळूच म्हणाले, रिपोर्ट नॉर्मल आले. घरी जाताना मी रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद घातला नाही, इतकं मला हलकं वाटत होतं.

हे काम संपल्यावर देशमुख सरांनी आमची प्रश्नावली बदलली. ‘तुमच्या ओळखीत इथं कोण येतं’ हा प्रश्न आता सगळ्यात आधी असतो, आणि ‘तुम्ही समाधानी आहात का’ सगळ्यात शेवटी. तिथपर्यंत येईस्तोवर बरेच लोक कंटाळून निघून जातात. त्यानं काही अडत नाही.